वुड्रो विल्सन

वुड्रो विल्सन यांचा जन्म १८५६ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात झाला. आरंभी ते प्राध्यापक होते. १९१३ साली ते राष्ट्राध्यक्ष झाले. पहिल्या महायुद्धाचा संहार पाहून, राष्ट्रांनी आपली भांडणे रणांगणाऐवजी सभेत मिटवावीत, असा ध्यास त्यांनी घेतला व राष्ट्रसंघाची योजना मांडली. तिच्यासाठी स्वदेशात लोकमत वळविताना १९१९ साली त्यांची प्रकृती ढासळली. तरीही सेनेटने संमती नाकारली. १९२० साली संघ स्थापन झाला, परंतु अमेरिकेवाचून. १९२४ साली विल्सन निवर्तले.

संघाजवळ स्वतःचे सैन्य नव्हते. १९३५ साली इटलीने ॲबिसिनियावर स्वारी केली. संघाने इटलीला दोषी ठरविले, पण ते दुर्बळ राज्य वाचले नाही. न्यायामागे सर्वांचे बळ नसेल, तर निवाडा कागदावरच राहतो.