नाण्यांतून भेटलेला राजा : गौतमीपुत्र सातकर्णी



या अंकातल्या थोर पुरुषाची ओळख आम्ही मोठ्या गटातल्या मुलामुलींनी मिळून लिहिली आहे. मात्र राजाकडे जाण्याआधी तुम्हांला आमच्याबरोबर आयसेलिनमधल्या एका मागच्या अंगणात यावे लागेल.

सुट्टी लागण्यापूर्वीचा आमचा शेवटचा वर्ग एका मैत्रिणीच्या घरी भरला होता. तिच्या बाबांचे एक मित्र मेटल डिटेक्टर घेऊन आले होते. या काठीच्या टोकाला ताटलीसारखे एक वेटोळे असते. त्यातून सतत दिशा बदलणारी वीज वाहते आणि आजूबाजूला चुंबकीय क्षेत्र तयार होते. जमिनीखाली धातू असला की त्यातही बारीक वीज खेळू लागते, ती यंत्राला कळते आणि कानात टूं असा आवाज येतो. नाण्यासारखी लहान वस्तू वीतभर खोल असली तरच सापडते. काकांनी पहिली गोष्ट सांगितली ती अशी की, परक्याच्या जागेत किंवा बागेत परवानगी घेतल्याशिवाय एक चमचाही माती उकरायची नाही.

तासाभरात आम्हांला एक खिळा, सोड्याच्या डब्यांच्या चार कड्या, एक क्वार्टर आणि एक तांब्याचे सेंट मिळाले. सेंटवर गव्हाच्या दोन ओंब्या होत्या आणि साल १९४४. आमच्यापैकी एकाने ते लगेच टूथपेस्ट लावून घासले. चकचकीत नाणे घेऊन आम्ही धावत मावशींकडे गेलो. त्यांना आनंद होईल असे वाटले होते, पण त्यांचा चेहरा पडला. जुने नाणे घासले की त्याच्यावरचा थर जातो, बारीक रेघा झिजतात आणि त्याचे मोलही उतरते. मग त्यांनी विचारले, हे नक्की कुठे सापडले? आम्ही तिघांनी तीन ठिकाणी बोट दाखवले! खड्डा तर केव्हाच बुजवून टाकला होता.

मावशी रागावल्या नाहीत. त्यांनी आम्हांला सावलीत बसवले आणि नाशिकजवळच्या एका गावाची गोष्ट सांगितली. ती ऐकून आम्हांला आमची चूक नीट कळली. आता तीच गोष्ट तुम्हांला सांगतो.

नाशिक जिल्ह्यात गोदावरीच्या काठी जोगलटेंभी नावाचे गाव आहे. तिथे १९०६ साली जमिनीतून चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला. तेव्हा असे मेटल डिटेक्टर वापरात नव्हते. नाणी होती सुमारे १३,२५०! प्रत्येक नाणे जवळजवळ आपल्या डाइमएवढे. अशी चांदी सापडली की ती सोनाराच्या मुशीत जाऊन तिचे दागिने व्हायला वेळ लागत नाही. कितीतरी साठे असेच वितळून गेले आहेत. हा साठा मात्र अभ्यासकांच्या हाती आला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी ही नाणी तपासली आणि मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांच्यावर लेख लिहिला.

नाण्यांवर एका राजाचा चेहरा होता आणि त्याचे नाव ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्यांत कोरलेले होते. तो राजा म्हणजे नहपान, शकांच्या क्षहरात घराण्यातला क्षत्रप. पण गंमत पुढेच आहे. सुमारे ९,२७० नाण्यांवर, म्हणजे दहांतल्या सात नाण्यांवर, कुणीतरी दुसराच ठसा मारला होता. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला अधिकाच्या खुणेसारखी आकृती आणि तिच्या चार टोकांना चार गोल. डोंगराभोवती नाव होते राजा गौतमीपुत्र सातकर्णीचे.

हा गौतमीपुत्र कोण होता?

सुमारे १,९०० वर्षांपूर्वी तो महाराष्ट्रावर राज्य करत होता. त्याचे घराणे सातवाहनांचे आणि राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण. पुण्याजवळचे जुन्नर, तिथून कोकणात उतरणारा नाणेघाट, कल्याण आणि सोपारा ही बंदरे, हा सगळा त्या काळचा व्यापाराचा रस्ता. घाटमाथ्यावरचा माल बंदरात जाई आणि तिथून जहाजे थेट रोमन साम्राज्यापर्यंत जात. ज्याच्या हातात घाट आणि बंदरे, त्याच्या हातात पैसा.

नहपानाने नेमके हेच हिसकावून घेतले. नाशिक, जुन्नर, कार्ले हा सगळा भाग त्याच्या ताब्यात गेला. त्या काळातल्या एका ग्रीक भाषेतल्या प्रवासवर्णनात म्हटले आहे की, कल्याणला चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. म्हणजे सातवाहनांचे बंदर ओस आणि शकांचे बंदर गजबजलेले.

नहपानाची माणसे नुसती लुटारू होती असे मात्र समजू नका. त्याचा जावई उषवदात याने नाशिकच्या पांडवलेण्यांत भिक्षूंसाठी लेणे खोदवले. शिवाय त्याने ३,००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, गोवर्धन या गावातल्या विणकरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवली. त्यांतल्या २,००० वर महिन्याला शेकडा १ व्याज आणि १,००० वर शेकडा पाऊण. मुद्दल तसेच ठेवायचे आणि व्याजातून भिक्षूंना वस्त्रे वगैरे द्यायची. हा सगळा हिशेब दगडात कोरलेला आहे. आमच्यापैकी काहींना बचत खात्याची गोष्ट यावरूनच पहिल्यांदा समजली!

गौतमीपुत्राच्या लहानपणाविषयी काही लिहिलेले सापडत नाही. तो आपल्याला भेटतो तो एकदम विजयी राजा म्हणून. त्याच्या राज्याच्या १८ व्या वर्षी नाशिकच्या लेण्यांत एक आज्ञा कोरली गेली. ती त्याने लष्कराच्या विजयी छावणीतून गोवर्धनच्या अधिकाऱ्याला पाठवली होती. पूर्वी उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने शेत आता भिक्षूंना द्यावे, त्या शेतात राजाच्या माणसांनी शिरू नये, तिथे मिठासाठी खणू नये, असा तिचा अर्थ. म्हणजे तोवर नहपानाचा पाडाव झाला होता आणि नाशिक पुन्हा सातवाहनांचे झाले होते.

आता जोगलटेंभीची नाणी का महत्त्वाची ते पाहा. त्या साठ्यात नहपान आणि गौतमीपुत्र सोडून तिसऱ्या राजाची नाणी नाहीत. म्हणून अभ्यासकांनी ताडले की, नहपानाची सत्ता थेट गौतमीपुत्रानेच मोडली. ही नाणी एकेक करून वेगवेगळ्या घरांत गेली असती तर हे कळले नसते. सगळी एकत्र, एकाच जागी सापडली, हीच खरी बातमी होती. आम्ही खड्डा बुजवला तेव्हा आमच्या छोट्याशा सेंटची तशीच बातमी पुसून टाकली.

त्याने ती नाणी वितळवली का नाहीत, यावर आमच्या वर्गात बरीच वादावादी झाली. काही जण म्हणाले, शत्रूच्या तोंडावर शिक्का मारून त्याला जिंकल्याचे साऱ्या बाजाराला दाखवायचे होते. काही म्हणाले, चांदी तीच, वजन तेच, मग वितळवून पुन्हा ओतण्याचा खर्च कशाला? आम्हांला वाटते दोन्ही खरे असेल. कालपर्यंत नहपानाच्या नाण्यावर धान्य विकणाऱ्या माणसाचे पैसे एका रात्रीत खोटे झाले असते तर त्याने काय खाल्ले असते? नवा ठसा मारला की तेच नाणे नव्या राज्यात चालू. कित्येक नाण्यांवर नव्या ठशाखालून नहपानाचे नाक किंवा डोळा अजून डोकावतो.

नाशिकच्या त्याच लेण्यात आणखी एक आज्ञा आहे, २४ व्या वर्षातली. ती आम्हांला सगळ्यांत आवडली. राजाने भिक्षूंना जे शेत दिले होते ते कुणी कसतच नव्हते, आणि ते गाव ओसाड पडले होते. मग दान मिळून उपयोग काय? राजाने ही गोष्ट दडवली नाही. नगराच्या शिवेवरच्या आपल्या मालकीच्या जमिनीतून १०० निवर्तने शेत त्याने त्यांना दिले. चूक झाली, ती दुरुस्त केली आणि दोन्ही गोष्टी दगडावर कोरून ठेवल्या. या आज्ञेत राजाबरोबर त्याच्या आईचाही उल्लेख आहे.

त्याची आई म्हणजे गौतमी बलश्री. मुलाच्या नावाआधी आईचे नाव लावायची सातवाहन राजांत रीत होती. त्याच्या मुलाचे नाव वासिष्ठीपुत्र पुळुमावी. वर्गात आम्ही सर्वांनी आपापल्या आईच्या नावाने नावे लिहून पाहिली. सुनीतापुत्र, माधुरीकन्या अशी नावे फळ्यावर आली तेव्हा घ्यायला आलेल्या आया फार खूश झाल्या!

गौतमीपुत्र आईच्या आधी गेला. नातू पुळुमावी गादीवर बसल्यावर १९ व्या वर्षी या म्हाताऱ्या आजीने नाशिकला भिक्षूंसाठी लेणे दान केले आणि भिंतीवर आपल्या मुलाचे वर्णन कोरवून घेतले. त्याने शक, यवन आणि पल्हव यांचा पाडाव केला, क्षहरातांचे घराणे उखडून टाकले, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले, असे ते वर्णन आहे. विदर्भ, अपरांत म्हणजे कोकण, सौराष्ट्र, माळवा अशा कितीतरी मुलखांची आणि सह्याद्री, विंध्य अशा पर्वतांची नावे त्यात आहेत. पण त्याबरोबर आईने असेही कोरवले आहे की, तो आईची सेवा करी, प्रजेच्या सुखदुःखात सहभागी होई, न्यायाने बसवलेलेच कर घेई आणि अपराधी शत्रूचाही जीव घेणे त्याला आवडत नसे. आईने लिहिलेले असल्यामुळे थोडे जास्त कौतुक असणारच, हे आम्हांलाही कळते. पण मुलगा गेल्यावर इतक्या वर्षांनी त्याची एकेक आठवण काढणारी ती आई डोळ्यांपुढे आली आणि वर्ग जरा गप्प झाला.

पुढे शकांनी पुन्हा डोके वर काढले. सन १५० मधल्या जुनागढच्या लेखात शक राजा रुद्रदामन याने दक्षिणेच्या सातकर्णीला दोनदा हरवल्याचे कोरले आहे. राज्ये आली आणि गेली. नाणी आणि दगडावरची अक्षरे राहिली.

मित्रांनो, जुनी नाणी फक्त भारतातच आहेत असे नाही. आपल्या शेजारच्या राहवे गावात १७८० च्या दशकात न्यू जर्सीची तांब्याची नाणी पाडली जात. त्यांवर घोड्याचे डोके आणि नांगर आहे. आजही ती कुणाच्या तरी शेतात सापडतात. तुम्हांला सापडले तर आमच्यासारखे करू नका. आधी जागेचा फोटो काढा, किती खोल होते ते मोजा, वहीत लिहा, घासू तर मुळीच नका आणि मोठ्यांना दाखवा. भारतात तर १८७८ सालचा कायदाच आहे की, जमिनीत पुरलेले, दहा रुपयांहून जास्त किमतीचे धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवले पाहिजे.

या सुट्टीत आजी-आजोबांकडे जाल तेव्हा नाशिकला पांडवलेणी जरूर पाहा. जवळच अंजनेरीला नाण्यांचे संशोधन करणारी संस्था आणि संग्रहालय आहे. तिथल्या एखाद्या नाण्यावर नव्या ठशाखालून नहपानाचे नाक डोकावताना दिसले तर आम्हांला पत्र लिहून कळवा.

आमचे १९४४ चे सेंट आता वर्गाच्या कपाटात पाकिटात आहे. पाकिटावर आम्ही लिहिले आहे : आयसेलिन, मागचे अंगण, नक्की जागा आमच्या चुकीमुळे माहीत नाही.

— मोठा गट, मराठी वर्ग, आयसेलिन