वसईचे व्यापारी, नागासाकीचे रक्तसाक्षी : संत गोन्सालो गार्सिया



सावदा, रावेर, यावल या पट्ट्यात केळीच्या भावावर घराघराची झोप अवलंबून असते. उत्तरेकडे जाणारी केळी अनेकांची भाकर आहे. अशा ठिकाणी राहणाऱ्या भाविकांनी संत गोन्सालो गार्सिया यांचे चरित्र अवश्य मनन करावे. तेही सुकेळीसाठी प्रसिद्ध असलेल्या वसईचे सुपुत्र होते आणि काही काळ यशस्वी व्यापारी होते.

गोन्सालो यांचा जन्म सुमारे १५५७ साली वसईत झाला. वडील पोर्तुगीज, तर आई कोकणातील होती. वसईतील येशूसंघीय धर्मगुरूंजवळ त्यांचे शिक्षण झाले. कोवळ्या वयातच ते या धर्मगुरूंबरोबर जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी उत्तम आत्मसात केली आणि सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. येशूसंघात प्रवेश मिळावा, ही त्यांची मनोमन इच्छा होती. परंतु ती पूर्ण झाली नाही.

मग त्यांनी व्यापाराचा मार्ग धरला. भाषेचे ज्ञान आणि लोकांशी असलेली ओळख उपयोगी पडली व व्यवसायाची भरभराट झाली. प्रामाणिक व्यापार करणे पाप नव्हे. धोका निराळाच असतो. देवासाठी राखून ठेवलेली अंतःकरणातील जागा एखादी अपेक्षा भंगली की रिकामी होते आणि त्या जागेवर पैसा हळूच येऊन बसतो. संत पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात लोभाला मूर्तिपूजाच म्हटले आहे, ते याच कारणाने. ही मूर्ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तिच्यापुढे आपण केव्हा गुडघे टेकले, हे आपल्यालाच कळत नाही.

गोन्सालो यांनी ती मूर्ती अंतःकरणात स्थापन होऊ दिली नाही. भरात आलेला व्यापार सोडून ते मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले. धर्मगुरुपद नाही, मोठा मान नाही. एक साधे व्रतस्थ बंधू म्हणून त्यांनी दारिद्र्याचे व्रत घेतले. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून ते जपानला परतले. ज्या भाषेने पूर्वी नफा मिळवून दिला, तीच आता सुवार्तेच्या व कुष्ठरोग्यांच्या सेवेला लागली.

१५९६ च्या अखेरीस सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यांच्या आज्ञेने त्यांना अटक झाली. बंदिवानांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला आणि कडाक्याच्या थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी ठार करण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक होते. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या सर्वांना संतपद बहाल केले. भारतभूमीत जन्मलेले पहिले संत म्हणून आज आपण गोन्सालो यांचा गौरव करतो.

परंतु गौरवातही एक सूक्ष्म मोह दडलेला आहे. संतांची प्रतिमा गल्ल्यावर लावावी, नवस बोलावा, धंद्याला बरकत मागावी आणि भाव वाढला म्हणजे रविवारच्या मिस्साबलीला सवड नसावी, असे आपल्याकडून घडत नाही का? मध्यस्थीची प्रार्थना करणे योग्यच आहे. मात्र ज्यांनी देवासाठी धंदा सोडला, त्यांच्याकडे केवळ धंदाच मागत राहणे म्हणजे संतांच्या आडून पुन्हा पैशालाच हात जोडणे होय. मोबाइल, प्रतिष्ठा, मुलांचे गुण, परदेशची नोकरी यांनाही हाच निकष लावावा : यातील काही हातचे गेले, तर माझा देव माझ्याजवळ उरेल का?

प्रत्येकाने गोन्सालो यांच्यासारखा व्यवसाय सोडावा, असे नाही. केळी पिकवा, विका, मुलांना शिकवा. मात्र दिवसाचा हिशेब लिहून झाल्यावर क्षणभर प्रभूसमोर बसा आणि तो हिशेब त्याच्या हाती द्या. पहिली आज्ञा घराघरांत अशीच पाळली जाते.

संत गोन्सालो गार्सिया, आम्हांसाठी विनंती कर.