कमिन्स नावाचा माणूस

वरवंडला पुणे-सोलापूर रस्त्याच्या कडेला माझ्या वडिलांचे गॅरेज आहे. वडील चौथी शिकलेले. ट्रक दुरून येत असतानाच त्याच्या शिट्टीवरून टर्बो ठीक आहे की नाही हे ते सांगतात. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. कमिन्स हे नाव मी लहानपणापासून इंजिनांवर वाचत आलो. कोथरूडला १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्सचा कारखाना सुरू झाला, हेही ऐकून होतो. पण हे एका माणसाचे आडनाव आहे आणि तो माणूस जेमतेम आठवी शिकला होता, हे मला अलीकडेच कळले.

क्लेसी कमिन्स यांचा जन्म १८८८ साली अमेरिकेतील इंडियाना राज्यात शेतकरी कुटुंबात झाला. १९०८ मध्ये ते कोलंबस गावातील बँकमालक अर्विन यांच्या मोटारीवर ड्रायव्हर म्हणून लागले. मालकाने या पोराचा हात ओळखला. १९१९ मध्ये अर्विन यांच्याच पैशावर डिझेल इंजिनांची कंपनी निघाली. पुढे कित्येक वर्षे नफ्याचे नाव नव्हते. अखेर १९२९ च्या नाताळात कमिन्स यांनी एका मोटारीत डिझेल इंजिन बसवले आणि मालकाला फिरवून आणले. मालकाने पुन्हा पैसा घातला.

डिझेल म्हणजे अवजड आणि मंद, असा तेव्हा समज होता. तो मोडायला कमिन्स शर्यतीच्या मैदानात उतरले. १९३१ च्या इंडियानापोलिस शर्यतीत त्यांची गाडी ५०० मैल एकदाही न थांबता धावली. क्रमांक तेरावा आला, पण सगळे मिळून तेल लागले सुमारे ११७ लिटर! १९३४ मध्ये त्यांनी एक टू-स्ट्रोक व एक फोर-स्ट्रोक अशा दोन गाड्या उतरवल्या आणि त्या अनुभवानंतर टू-स्ट्रोकचा नाद सोडला.

पुढची कसोटी त्यांचे बंधू डॉन यांनी घेतली. इंजिनात जास्त हवा कोंबली की जास्त तेल जळते व ताकद वाढते. ही हवा कोंबायची कशी? सुपरचार्जर इंजिनाच्याच फिरण्यावर चालतो. तो पाय दाबताच साथ देतो, पण त्यासाठी इंजिनाची काही ताकद खातो. टर्बो वाया जाणाऱ्या एक्झॉस्टच्या जोरावर फिरतो. त्याला जोर धरायला क्षणभर लागतो, पण इंडियानापोलिसला लांब सरळ पट्टे असल्याने इंजिनाचा वेग फारसा पडत नाही. १९५० मध्ये सुपरचार्जरची गाडी पन्नासेक फेऱ्यांनंतर सुपरचार्जरच्याच बिघाडाने बाद झाली. १९५२ मध्ये टर्बोची गाडी आली. तिने पात्रता फेरीत ताशी १३८ मैल गाठून सर्वांत पुढची जागा पटकावली. प्रत्यक्ष शर्यतीत मात्र ७१ व्या फेरीत ती थांबली.

ही हकिगत मी वडिलांना सांगत होतो. ती का थांबली हे सांगण्याआधीच त्यांनी विचारले, हवा ओढायचे तोंड खाली होते का? तसेच होते. रस्त्यावरचा टायरच्या रबराचा चुरा टर्बोच्या तोंडात जाऊन बसला होता. मला ते पुस्तकात शोधावे लागले होते.

१९३१ मध्येच कॅलिफोर्नियातील एका घाटात कमिन्स यांच्या ट्रकचे ब्रेक निकामी झाले. समोर रेल्वेचे फाटक, त्यावरून मालगाडी चाललेली. ते थोडक्यात बचावले. ती भीती त्यांनी विसरू दिली नाही. निवृत्तीनंतर त्यांनी इंजिनाच्याच दाबाने गाडी आवरणारा ब्रेक शोधला. तो १९६१ पासून विकला जाऊ लागला. १९६८ मध्ये ते वारले.

आठवीवाल्याने एवढे केले, मग कॉलेज कशाला, असे गावात मला विचारतात. मलाही हा प्रश्न पडतो. पण कमिन्स यांच्या मागे त्यांना ओळखणारा अर्विन होता. माझ्या वडिलांना तसा कोणी भेटला नाही. त्यांनी गॅरेजच्या मिळकतीतून माझी फी भरली. हा अंक आला की पहिल्यांदा त्यांना वाचून दाखवणार आहे. चूक असेल तर ते सांगतीलच.

— द्वितीय वर्ष, कला