विल्यम जेनिंग्स ब्रायन : सुधारक कीं सनातनी ?

सामाजिक बाबतींत जुन्या मताचा पुढारी म्हटला कीं तो धनिकांचा कैवारी असावयाचाच, अशी आमच्या सुधारणावादी मंडळींपैकीं पुष्कळांची समजूत असते. अमेरिकेंतील विल्यम जेनिंग्स ब्रायन ह्यांचें चरित्र ह्या समजुतीस मुळींच जुळत नाहीं. तीन वेळां राष्ट्राध्यक्षपदासाठीं उभे राहून तिन्ही वेळां पडलेले हे गृहस्थ आपणांकडे आतां फारसे कोणास आठवत नाहींत. आठवले तर उत्क्रांतिवादाच्या खटल्यापुरते. परंतु त्यांची पहिली निवडणूक ज्या प्रश्नावर लढली गेली, त्याचा धागा मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळींपर्यंत येऊन पोंचत होता, हें व्यापारी वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

ब्रायन ह्यांचा जन्म इलिनॉय संस्थानांत सेलम गांवीं १९ मार्च १८६० रोजीं झाला. वडील न्यायाधीश, घराणें अत्यंत भाविक. कायद्याचा अभ्यास करून ते १८८७ सालीं नेब्रास्कांतील लिंकन शहरीं जाऊन राहिले व १८९० सालीं प्रतिनिधिगृहांत निवडून गेले. वकिली बेताचीच होती. आवाज मात्र असा कीं, ध्वनिवर्धक नसतांही हजारोंच्या सभेंत शेवटच्या रांगेंतील माणसास शब्द ऐकूं जावा.

नेब्रास्काच्या शेतकऱ्याची त्या वेळची स्थिति आमच्या कर्जबाजारी कुणब्यास सहज ओळखूं आली असती. गहूं महाग असतांना काढलेलें कर्ज गहूं स्वस्त झाल्यावर फेडावयाचें; म्हणजे कागदावर डॉलर तेवढेच, पण फेडीस पोतीं जास्त. देशांतील चलन सोन्यास बांधलेलें आणि सोनें तुटपुंजें, हें ह्याचें कारण असें शेतकरी म्हणत. त्यांत १८९३ सालीं दोन गोष्टी घडल्या. जून महिन्यांत हिंदुस्थान सरकारनें आपल्या टांकसाळी खासगी रुप्यास बंद केल्या. तोंवर कोणीही रुपें नेऊन त्याचे रुपये पाडून घेऊं शकत असे. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकन सरकारनेंही रुप्याची सक्तीची खरेदी थांबविली. रुप्याचा भाव घसरला. आमच्या शेतकऱ्याची गांठीची पुंजी चांदीच्या दागिन्यांत असे, ती बसल्या जागीं हलकी झाली. तिकडे नेब्रास्कांतील शेतकरी व पश्चिमेकडील खाणवाले खवळून उठले. सोळा भार रुप्यास एक भार सोनें ह्या प्रमाणानें दोन्ही धातूंचीं नाणीं मोकळेपणीं पाडावीं, ही त्यांची मागणी.

जुलै १८९६ मध्यें शिकागो येथें डेमोक्रॅटिक पक्षाच्या सभेंत ब्रायन ह्यांनीं ह्या मागणीवर जें भाषण केलें, त्यानें सभा अक्षरशः वेडी झाली. दुसऱ्याच दिवशीं छत्तीस वर्षांच्या ह्या वकिलास पक्षानें राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दिली. मग आगगाडीनें सुमारें १८,००० मैलांचा प्रवास व सुमारें ६०० भाषणें. प्रतिस्पर्धी मॅकिन्ले आपल्या घराच्या ओसरीवरूनच बोलत. त्यांच्या पाठीशीं बडे कारखानदार व पेढीवाले होते. निकाल मॅकिन्ले २७१, ब्रायन १७६. पुढें आफ्रिका व अलास्का येथील खाणींतून इतकें सोनें निघालें कीं भाव आपोआप चढले व रुप्याची चळवळ ओसरली.

१९०० सालीं त्यांनीं फिलिपाईन बेटें गिळणाऱ्या साम्राज्यलोभावर तोफ डागली व ते पुनः पडले. १९०८ सालीं टॅफ्ट ह्यांनीं त्यांस तिसऱ्यांदा पाडलें. मधल्या काळांत जगप्रवास करितांना ते १९०६ सालीं हिंदुस्थानांत आले आणि येथील दारिद्र्य पाहून ब्रिटिश राज्यावर त्यांनीं जो कडक लेख लिहिला, तो हिंदी राष्ट्रवाद्यांनीं पुनः पुनः छापून वाटला. १९१३ सालीं विल्सन ह्यांनीं त्यांस परराष्ट्रमंत्री केलें. वकिलातींच्या मेजवान्यांत मद्याऐवजीं द्राक्षांचा रस ठेवल्याबद्दल वर्तमानपत्रांनीं त्यांची थट्टा उडविली. पण युद्धापूर्वीं चौकशी व विलंब आवश्यक करणारे तीसएक राष्ट्रांशीं तह त्यांनीं केले, आणि जर्मनीस पाठविलेल्या खलित्यांची भाषा आपणांस युद्धांत ओढील असें वाटतांच जून १९१५ मध्यें खुर्ची सोडली. एवढ्यासाठीं मंत्रिपद सोडणारीं माणसें कोणत्याही देशांत थोडींच.

प्राप्तीवरील कर, सेनेटची प्रत्यक्ष निवडणूक, स्त्रियांस मताधिकार, हे सर्व कायदे त्यांनीं आयुष्यभर पुरस्कारिले व ते घटनेंत आलेले पाहिले. ह्याच हातानें त्यांनीं दारूबंदीही पुढें रेटली.

मग हाच मनुष्य उत्क्रांतिवादाचें शिक्षण गुन्हा ठरविणाऱ्या कायद्याचा वकील कसा झाला ? उतारवयांत बुद्धि फिरली, असें त्यांचे जुने मित्र म्हणत. आमच्या मतें ते बदललेच नव्हते. बहुसंख्य साध्या, श्रद्धाळू जनतेचें म्हणणें खरें, हा त्यांचा एकच सिद्धांत होता. तो त्यांनीं १८९६ सालीं नाण्यास लावला व १९२५ सालीं शाळेस : करदाता शिक्षकाचा पगार देतो, म्हणून काय शिकवावयाचें तेंही त्यानेंच ठरवावें. ह्या तत्त्वाच्या आडून बलिष्ठ लोक दुर्बळांस चिरडतील, ही त्यांची भीति अगदींच पोकळ नव्हती. डेटन येथील शाळेंत लावलेल्या पुस्तकांत मानववंशांची उच्चनीच प्रतवारी खरोखरच होती. परंतु कर किती असावा हें बहुमत ठरवूं शकतें; पृथ्वीचें वय किती, हें ठरवूं शकत नाहीं.

शिवाय त्यांच्या जनतेंत कोणाकोणाची गणना होती ? फिलिपिनोंस स्वराज्य मागणाऱ्या ब्रायन ह्यांनीं दक्षिणेंतील नीग्रोंचा हिरावलेला मताधिकार परत मागितला नाहीं. उलट प्रसंगीं तेथील गोऱ्यांचें समर्थनच केलें. १९२४ सालीं न्यूयॉर्क येथील पक्षाच्या सभेंत कू क्लक्स क्लॅन ह्या संस्थेचा नांव घेऊन निषेध करण्याचा ठराव आला, तेव्हां पक्ष फुटेल म्हणून ते विरोधास उभे राहिले. ठराव सुमारें एका मतानें पडला. दुर्बळांचा कैवार घेणाऱ्या वाणीस हें एक मत मिळवून देतां आलें असतें. आम्हांस डेटनपेक्षां हाच डाग अधिक काळा वाटतो.

डेटनचा खटला जुलै १९२५ मध्यें झाला. शिक्षक स्कोप्स ह्यांचे वकील डॅरो ह्यांनीं २० तारखेस न्यायालयाबाहेरील हिरवळीवर, शेंकडों लोकांदेखत, ब्रायन ह्यांसच साक्षीदार करून त्यांची उलटतपासणी घेतली. सृष्ट्युत्पत्तीचे दिवस चोवीस तासांचेच असतील असें नाहीं, हें त्यांस कबूल करावें लागलें, आणि त्यांचेच अनुयायी हिरमुसले. दुसऱ्या दिवशीं स्कोप्स ह्यांस १०० डॉलर दंड झाला. तो आपण भरूं, असें ब्रायन ह्यांनीं आधींच सांगून ठेविलें होतें. रविवारीं, २६ जुलै रोजीं, डेटन येथेंच दुपारीं झोंपेंत त्यांचा अंत झाला. वरिष्ठ न्यायालयानें १९२७ सालीं तांत्रिक मुद्द्यावर दंडाची शिक्षा रद्द केली. कायदा मात्र टेनेसी संस्थानाच्या पुस्तकांत एकंदर बेचाळीस वर्षें, १९६७ सालापर्यंत राहिला.