बाटली अर्धवट भरणारा प्राध्यापक

हादरे बसणाऱ्या यंत्रातला नट हळूहळू सैल होतो, वायसर घालून आवळला तरी. या दुखण्यावर टिकाऊ उपाय काढला तो रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकाने. व्हर्नन क्रीबल (१८८५–१९६४) अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकवत. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत एक विचित्र द्रव तयार झाला होता. त्यातून सतत हवा सोडली तरच तो पातळ राही, नाहीतर घट्ट होई. मुलगा रॉबर्ट त्याच कंपनीत होता, त्याच्याकडून हे वडिलांना कळले. क्रीबल यांना त्या खोडीतच उपयोग दिसला. ऑक्सिजन असेपर्यंत या द्रवातल्या रेणूंची साखळी जुळत नाही. बोल्टच्या आट्यांत हवा उरत नाही आणि लोखंड जुळणीला वेग देते. १९५३ साली, निवृत्तीच्या उंबरठ्यावर, त्यांनी बाटलीत टिकणारे मिश्रण बनवले. बाटली हवा झिरपू देणाऱ्या पॉलिथिनची, तीही अर्धवट भरलेली. आजही ती काठोकाठ नसते, त्यात दुकानदाराची लबाडी नाही! ‘लॉकटाइट’ हे नाव सून नॅन्सीने सुचवले. त्यातला निळा प्रकार साध्या पान्याने सुटतो. लाल मात्र चांगला तापवल्याशिवाय सहसा हलत नाही.