विश्लेषण : पेट स्कॅनचे औषध स्वतःच्याच किरणोत्सर्गाने का बिघडते? होमी भाभांशी त्याचा काय संबंध?

बारवी धरणाकाठच्या गावातून बदलापूर स्टेशन गाठायचे आणि तिथून लोकलने परळ. या प्रवासाला साधारण दोन तास लागतात. कॅन्सर शोधण्यासाठी पेट स्कॅनपूर्वी टोचल्या जाणाऱ्या एफडीजी या औषधाचा किरणोत्सर्ग तेवढ्या वेळात निम्म्याहून खाली येतो. मात्र वेळ हीच एकमेव अडचण नाही. बाटलीत असतानाच हे औषध स्वतःच्या किरणोत्सर्गाने तुटू लागते. याला कारणीभूत असतो पॉझिट्रॉन हा कण. त्याच कणावर एका मुंबईकराने १९३०च्या दशकात मूलभूत काम केले होते. ते म्हणजे डॉ. होमी जहांगीर भाभा.

भाभा पॉझिट्रॉनकडे कसे वळले?

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत झाला. १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले. मुलाने इंजिनीअर होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, अशी घरच्यांची इच्छा होती. १९३० मध्ये त्यांनी मेकॅनिकल इंजिनीअरिंग पहिल्या वर्गात पूर्ण केले आणि मग मनाजोगता विषय निवडला, भौतिकशास्त्र. १९३२ मध्ये पॉझिट्रॉनचा शोध लागला. पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन एकमेकांवर आदळल्यावर काय होते, याचे गणित भाभांनी मांडले. ते १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले. जगभर ते आजही ‘भाभा स्कॅटरिंग’ म्हणून ओळखले जाते.

औषध बिघडते म्हणजे नेमके काय होते?

एफडीजी म्हणजे फ्लोरिन-१८ हा किरणोत्सर्गी अणू जोडलेली साखर. या अणूचे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे. त्यातून सुटलेला पॉझिट्रॉन पाण्यातील इलेक्ट्रॉनांवर आदळत ऊर्जा गमावतो. त्या धक्क्यांनी पाण्याचे रेणू फुटतात आणि फ्री रॅडिकल्स तयार होतात. हे रॅडिकल्स औषधाच्या रेणूवर हल्ला करतात. या प्रक्रियेला ‘रेडिओलिसिस’ म्हणतात.

रुग्णाला त्याचा धोका काय?

सुटा झालेला फ्लोरिन-१८ हाडांत जाऊन बसतो. त्याचे प्रमाण वाढले, तर स्कॅनमध्ये हाडे उजळ दिसतात आणि कॅन्सर हाडांपर्यंत पोहोचला की नाही, हे ठरवताना डॉक्टरांची दिशाभूल होऊ शकते.

मग उपाय काय?

एफडीजीमध्ये अत्यल्प इथेनॉल घालतात. ते फ्री रॅडिकल्सना आधीच गाठून निकामी करते. द्रावण फार तीव्र न ठेवता पातळ केले, तरी बिघाड कमी होतो. इतर काही किरणोत्सर्गी औषधांत व्हिटॅमिन सी म्हणजे अॅस्कॉर्बिक आम्ल वापरतात. आयोडीन-१३१ असलेले एमआयबीजी गोठवून पाठवतात. वापरण्याआधी शुद्धता तपासली जाते.

यात भाभांचे योगदान कोणते?

औषध टिकवण्याच्या या पद्धती भाभांनी शोधलेल्या नाहीत. पण भारतात अशी औषधे बनवण्याचा पाया त्यांनी घातला. १९३९ मध्ये ते सुटीसाठी मायदेशी आले, दुसरे महायुद्ध पेटले आणि ते इथेच राहिले. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली. १९५४ मध्ये तुर्भे येथील अणुऊर्जा संस्था स्थापन झाली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली आणि देशात किरणोत्सर्गी समस्थानिके तयार करण्याचा मार्ग खुला झाला. १९६३ मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर झालेल्या विमान अपघातात भाभांचा मृत्यू झाला. ते ५६ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी तुर्भेच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. २००२ मध्ये परळच्या केंद्रात देशातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाला आणि एफडीजी मुंबईतच तयार होऊ लागले. बदलापूरहून लोकलने येणाऱ्या रुग्णासाठी हे औषध आता त्याच शहरात, त्याच दिवशी बनू शकते.