विश्लेषण : लँडिंग गिअरमधील बारीकसा तडा इतका घातक का? उत्तर शोधणाऱ्या ग्रिफिथ यांची गोष्ट

विमान धावपट्टीवर टेकते तेव्हा सारा धक्का लँडिंग गिअरच्या पोलादी भागांवर येतो. हे भाग ठरावीक काळाने सुटे करून, रंग काढून, डोळ्यांना न दिसणाऱ्या तड्यांसाठी तपासले जातात. एवढ्याशा तड्याची धास्ती का, याचा हिशेब शंभर वर्षांपूर्वी अ‍ॅलन अर्नोल्ड ग्रिफिथ या ब्रिटिश अभियंत्याने मांडला.

कोण होते ग्रिफिथ?
जन्म १८९३, लंडन. लिव्हरपूलला यांत्रिकी अभियांत्रिकी शिकून ते १९१५ मध्ये फार्नबरोच्या सरकारी विमान कारखान्यात रुजू झाले. गुंतागुंतीच्या आकाराच्या भागांतील पिळाचा ताण त्यांनी जी. आय. टेलर यांच्यासोबत चक्क साबणाच्या पातळ पडद्यावरून मोजून दाखवला.

काचेने काय शिकवले?
अणूंमधील बंधांचा हिशेब केला तर काच कितीतरी पट मजबूत असायला हवी. मग ती सहज का फुटते? ग्रिफिथ यांनी काच वितळवून तंतू ओढले. तंतू जितका बारीक, तितका मजबूत निघाला. म्हणजे कमजोरी काचेत नव्हती, तिच्यातील सूक्ष्म भेगांत होती.

१९२१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा नियम असा : तडा वाढताना ताणलेल्या पदार्थातील ऊर्जा मोकळी होते आणि नवे पृष्ठभाग तयार होण्यात ती खर्च होते. मोकळी होणारी ऊर्जा खर्चापेक्षा जास्त झाली, की तडा आपोआप धावतो. तडा चौपट लांब असेल, तर निम्म्या ताणातही पदार्थ तुटतो.

पुढे काय झाले?
रात्री चालू राहिलेल्या ज्योतीने प्रयोगशाळेत आग लागली आणि हे संशोधन थांबले, असे सांगितले जाते. ग्रिफिथ टर्बाइनकडे वळले आणि १९३९ मध्ये रोल्स-रॉइसमध्ये गेले. तड्यांचा नियम मात्र बराच काळ दुर्लक्षित राहिला. धातूंसाठी तो अमेरिकेत जॉर्ज अर्विन यांनी विस्तारला. १९५४ मध्ये दोन कॉमेट विमाने हवेतच फुटली. वारंवार पडणाऱ्या ताणाने धातू थकून तडकतो, हे कारण शोधले गेले ते फार्नबरोतच! १३ ऑक्टोबर १९६३ रोजी ग्रिफिथ यांचे निधन झाले.

आज हँगरमध्ये काय होते?
पोलादी भाग चुंबकित करून त्यावर चमकणारे लोहकण असलेला द्रव सोडतात. तड्यापाशी कण गोळा होतात आणि अतिनील प्रकाशात रेघ उजळते. पण लँडिंग गिअरचे पोलाद अतिमजबूत असल्याने ते फार छोटा तडाच सहन करू शकते. तडा दिसेपर्यंत थांबणे धोक्याचे ठरते. म्हणूनच ठरावीक लँडिंग पूर्ण झाली, की अनेक भाग तडा नसतानाही बाद केले जातात.